रिकाम्या जागेची खबर

मित्रहो, लॉस एंजेलिसच्या वेस्टवुड व्हिलेज या लहानशा बाजारपेठेत पार्किंगसाठी फिरणाऱ्या गाड्यांचा अभ्यास प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी केला, तेव्हा जागा मिळायला सरासरी ३.३ मिनिटे लागतात असे आढळले. तीन मिनिटांचे काय एवढे, असे आपण म्हणू. पण वर्षभरातील साऱ्या गाड्यांचे हे फेरे एकत्र केले, तर पृथ्वीला ३८ प्रदक्षिणा होतील एवढे अंतर भरते, असा त्यांचा हिशेब होता.

मुक्कामाचा पत्ता उपग्रहांच्या संकेतांवरून सापडतो, पण त्या पत्त्याजवळ कोणती जागा मोकळी आहे हे उपग्रह सांगू शकत नाही. ते जागेनेच सांगावे लागते. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ मध्ये सुरू केलेल्या ‘एसएफपार्क’ प्रयोगात नेमके हेच केले. रस्त्याकडेच्या सुमारे ८,२०० जागांवर बॅटरीवर चालणारे सेन्सर बसवले. वर गाडी येऊन उभी राहिली की तिच्यातील लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सूक्ष्म बदल होतो. सेन्सर तो टिपतो आणि बिनतारी जाळ्यावरून केंद्राकडे पाठवतो.

ही खबर थेट चालकांच्या हाती दिली की प्रश्न सुटला, असे वाटणे स्वाभाविक आहे. मला मात्र ते पुरेसे वाटत नाही. एक जागा रिकामी झाल्याचे दहा जणांना एकाच वेळी कळले, तर दहाही जण तिकडे वळतील आणि नऊ जण पुन्हा फेऱ्या मारू लागतील. त्या प्रयोगाचे मोठेपण मला दिसते ते दुसऱ्याच गोष्टीत: जमलेल्या नोंदींवरून दर ठरवला गेला. एखाद्या गल्लीतील ८० टक्क्यांहून अधिक जागा भरलेल्या राहिल्या की ताशी दर पाव डॉलरने वाढे, ६० टक्क्यांहून कमी भरल्या की उतरे, आणि मधल्या पट्ट्यात तसाच राही. परिणामी गर्दीच्या गल्लीतही एखादी जागा मोकळी सापडण्याची शक्यता वाढली. प्रायोगिक भागांत जागा शोधण्याचा वेळ ४३ टक्क्यांनी घटला, असे शहराच्या वाहतूक संस्थेच्या मूल्यमापनात नोंदले आहे.

यंत्रणेला अडचणी नव्हत्या असे नाही. त्या शहरात ट्रॉलीबसच्या विजेच्या तारा डोक्यावरून जातात, आणि इतक्या नाजूक चुंबकीय मोजमापात विद्युतचुंबकीय व्यत्यय येतच असे. बॅटऱ्यांचे आयुष्यही मर्यादित होते. २०१३ च्या अखेरीस सेन्सर बंद करण्यात आले. पण तोवर, पार्किंगचे पैसे घेणाऱ्या मीटरमध्ये भरलेले पैसे आणि प्रत्यक्ष उभ्या गाड्या यांचे प्रमाण काय पडते, हे त्यांच्याच नोंदींवरून उमगले होते. कॅलिफोर्नियात अपंगत्वाचा परवाना असलेल्या गाड्यांना मीटरचे पैसे भरावे लागत नाहीत, म्हणून केवळ मीटर पाहून हा अंदाज बांधता आला नसता. पुढे शहराने या प्रमाणाच्या आधारे, मीटरच्या नोंदींवरूनच दर बदलणे चालू ठेवले.