यात कुणाचं काय बिघडलं?

सुहृदहो,

गेल्या महिन्यात साताऱ्याला माझ्या सासूबाई गेल्या. सुतकातच इथे परदेशात आमचा चौदा वर्षांचा मुलगा केस कापून आला आणि मित्रांबरोबर चिकन खाल्ल्याचेही त्याने सहज सांगितले. त्याच्या वडिलांना संताप अनावर झाला. ‘यात कुणाचं काय बिघडलं?’ असे त्याने विचारल्यावर मोठ्यांनी आधी आरोग्याचे, मग शास्त्राचे, मग जनरीतीचे कारण दिले. ती सगळी त्याने शांतपणे खोडून काढली, तरी कुणाचेही मत तसूभर हलले नाही.

मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जवळपास हाच प्रसंग आहे. भुवनेश्वर आणि शिकागो येथील मुलांपुढे व मोठ्यांपुढे त्यांनी ३९ प्रसंग ठेवले होते. वडिलांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हे भुवनेश्वरच्या ब्राह्मणांना अतिशय गंभीर पाप वाटले. शिकागोकरांना त्यात गैर दिसले नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांनी २००१ साली मांडले की नैतिक निवाडा मनात आधी उमटतो आणि कारणे बहुधा मागाहून, दुसऱ्याला पटवण्यासाठी, जमवली जातात.

म्हणून आपण रविवारच्या वर्गात प्रत्येक रूढीमागचे ‘विज्ञान’ मुलांना शिकवतो, ते थांबवावे असे मला कळकळीने वाटते. हाइट यांच्या मते मन पालटते ते प्रामुख्याने माणसांच्या सहवासात. आपल्याला सुतक कळले ते शेजारून पिठलंभात आला, रेडिओ बंद राहिला, मोठी माणसे हळू बोलू लागली म्हणून. इथे ते एका बंद दारामागे पाळले जाते. मुलाच्या मनात ते उमटणार कसे?

आणि तरी याच मुलाचे मन कोरडे नाही. मागच्या चैत्रात आजी इथे होती. आपल्या हळदीकुंकवात तिला कुंकू लावले गेले नाही, तेव्हा तो रडला, भांडला, आणि त्या वेळी कारणे शोधण्याची पाळी आपली होती. त्याचा तो संताप इथल्या शाळेने, इथल्या सवंगड्यांनी त्याच्यात रुजवला आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. आजीसाठी केस न कापण्याची ओढही त्याला लागावी, अशी माझी इच्छा आहे. पण एक रुजवताना दुसरे उपटले जाणार नाही, याची खात्री मला वाटत नाही.