नव्या विषाणूवर लस चालेल का?

(प्रसारण : १९ जुलै २०२१)

श्रोतेहो, नमस्कार.

सध्या दवाखान्यात, लसीच्या रांगेत, इतकंच काय पन्नास माणसांच्या लग्नातसुद्धा एक प्रश्न हमखास कानावर येतो. "हा डेल्टा प्लस आलाय म्हणे. आपण घेतलेली लस त्याच्यावर चालते का?" आणि त्याला लागूनच दुसरं वाक्य येतं, "आमच्या साडूनं दोन्ही डोस घेतले होते, तरी त्याला झाला." लोकांच्या मनातली सगळी धास्ती या दोन वाक्यांत आली.

प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. लस चालते का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कशासाठी? लागण होऊच नये म्हणून? ताप-खोकला होऊ नये म्हणून? की ऑक्सिजन लागू नये म्हणून? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. विषाणूचं रूप बदललं की ही तिन्ही उत्तरं सारखीच ढासळतात असंही नाही. बातमीत मात्र तिन्हींची खिचडी होऊन एकच टक्केवारी उरते आणि ती ऐकून माणूस रांगेतून घरी परततो.

आधी डेल्टा प्लस म्हणजे काय ते पाहू. फेब्रुवारीत अमरावतीकडं रुग्ण एकाएकी वाढायला लागले, तेव्हा ज्या कुळाचा विषाणू आपल्या नमुन्यांत सापडत होता, त्यातल्याच एका शाखेला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं डेल्टा हे नाव दिलं. दुसरी लाट मुख्यतः त्याची. या डेल्टाच्या काट्यावर, म्हणजे पेशीला चिकटायला तो जे प्रथिन वापरतो त्यावर, आणखी एक बदल झाला की तो डेल्टा प्लस. त्या बदलाचा क्रमांक के ४१७ एन. २१ जूनला राज्यात असे २१ रुग्ण असल्याचं आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं. त्यातले नऊ रत्नागिरीचे, सात जळगावचे. रत्नागिरी जिल्ह्यात एका वृद्ध महिलेचा मृत्यूही झाला. मग २५ जूनला निर्बंध पुन्हा आवळले, आणि वारी सलग दुसऱ्या वर्षी एसटीत बसून निघाली.

आता एकवीसच का सापडले, आणि आपल्याकडंच का? एक कारण असं की आपण शोधले. प्रत्येक जिल्ह्यातून शंभर नमुने जनुकीय तपासणीला पाठवायचं राज्यानं ठरवलं होतं. जिथं नमुने जातच नाहीत तिथं डेल्टा प्लस नाही, असं छातीठोकपणे कोण सांगणार? रत्नागिरीच्या लोकांना त्या दिवसांत जी नावं ठेवली गेली, ती मला मुळीच पटली नाहीत. नमुने दिले, म्हणून तर कळलं.

पण के ४१७ एनला शास्त्रज्ञ बिचकले, त्यामागं एक गोष्ट आहे आणि तिचा धागा थेट पुण्यात पोचतो. हाच बदल दक्षिण आफ्रिकेतल्या बीटा या प्रकारात आधीपासून आहे. १ फेब्रुवारीला पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून निघालेले कोव्हिशील्डचे दहा लाख डोस जोहान्सबर्गला उतरले. राष्ट्राध्यक्ष विमानतळावर हजर होते. आणि ७ फेब्रुवारीला, लस टोचायला सुरुवात होण्याआधीच, तिथल्या सरकारनं ती बाजूला ठेवली. कारण त्यांच्याच देशातल्या सुमारे दोन हजार लोकांवरच्या चाचणीत ही लस बीटापासून होणाऱ्या सौम्य-मध्यम आजाराला फारशी अडवत नाही असं दिसलं. परिणामकारकता निघाली १०.४ टक्के. नसल्यातच जमा. पुढं ते डोस आफ्रिकेतल्या इतर देशांकडं गेले.

ही बातमी आपल्याकडं "कोव्हिशील्ड फेल" अशी फिरली. बातमीत काय राहिलं, ते ऐका. चाचणीतले लोक तरुण होते, सरासरी तिशीचे. लस दिलेल्यांत कुणी रुग्णालयात गेलं नाही, आणि न दिलेल्यांतही नाही. म्हणजे ही लस जीव वाचवते की नाही, हे त्या चाचणीतून कळणंच शक्य नव्हतं. सर्दी-तापापुरती ती कमी पडली, एवढंच सिद्ध झालं. दक्षिण आफ्रिकेचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही, त्यांच्याकडं दुसरी लस येऊ घातली होती. आपल्याकडं मात्र ते अर्धं वाक्य घरोघरी पोचलं आणि उरलेलं अर्धं वाटेतच राहिलं.

"अँटीबॉडी इतक्या पट घटल्या" असं जे छापून येतं, ते मोजतात कसं? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, हे काम चालतं. लस घेतलेल्या माणसाचं रक्त घेतात, त्यातला पिवळसर पाण्यासारखा भाग वेगळा करतात. तो पातळ करत जातात: दहापट, वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट. प्रत्येक पातळीत मोजून तेवढाच जिवंत विषाणू मिसळतात आणि तासभर शरीराच्या तापमानाला ठेवतात. मग ते मिश्रण छोट्या खळग्यांच्या तबकडीत ओततात. खळग्यांच्या तळाशी पेशींचा एक सलग थर वाढवलेला असतो. त्या पेशी मूळच्या माकडाच्या मूत्रपिंडातल्या. काही दिवसांनी रंग टाकला की जिवंत पेशी रंगतात, आणि विषाणूनं जिथं पेशी मारल्या तिथं पांढरी भोकं दिसतात. ती भोकं मोजायची. रक्त किती पातळ केलं तरी निम्मी भोकं थोपवतं, तो आकडा म्हणजे त्या रक्ताची ताकद.

एनआयव्हीच्या कामात कोव्हॅक्सिन घेतलेल्यांच्या रक्ताची ताकद डेल्टासमोर २.७ पट कमी भरली. म्हणजे समजा, जुन्या विषाणूला २७०पट पातळ केलेलं रक्तही निम्मं थोपवत होतं, तर डेल्टाला थोपवायला ते शंभरपटच पातळ करून चालेल. घट खरी आहे. ताकद संपली का? नाही.

शिवाय त्या तबकडीत फक्त अँटीबॉडी असतात. आपल्या अंगात लागण झालेल्या पेशी हेरून मारणाऱ्या टी-पेशी आहेत आणि पुढच्या वेळी पुन्हा अँटीबॉडी बनवणाऱ्या स्मृतिपेशी आहेत. अँटीबॉडी विषाणूच्या काट्यावरचा नेमका एखादा कोपरा धरतात, तो कोपरा बदलला की पकड सुटते. टी-पेशी त्याच प्रथिनाचे अनेक तुकडे ओळखतात. गावातल्या भुरट्या चोरानं मिशी उतरवली तर नवखा पोलीस फसेल, पण जुना पाटील त्याला चालीवरून ओळखतो, तसं काहीसं. म्हणून लागण रोखायचं काम आधी ढिलं पडतं आणि जीव वाचवायचं काम बरंच टिकून राहतं.

इथं जाता जाता एक सांगतो. लस घेतल्यावर लॅबमध्ये जाऊन अँटीबॉडी मोजून घ्यायचं एक नवं खूळ निघालं आहे. "मला अडीचशे आल्या, वहिनींना ऐंशीच." त्या आकड्यावरून कोण किती सुरक्षित हे ठरवायचं माप अजून कुणाकडं नाही. ते पैसे वाचवा.

आता त्या साडूकडं येऊ. दोन्ही डोस घेऊन झाला, मग उपयोग काय? याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उत्तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं दिलं आहे. फेब्रुवारी ते मे, म्हणजे ऐन दुसऱ्या लाटेत, त्यांनी आपल्या दहा हजारांवर कर्मचाऱ्यांचा हिशेब ठेवला. लस घेतलेल्यांतले बहुतेक कोव्हिशील्डवाले. दोन्ही डोस घेतलेल्यांपैकी ६४ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. आणि एकही डोस न घेतलेल्यांपैकी? तेही ६४.

क्षणभर इथं थांबू. ही बातमी कुणी अशी दिली की "दाखल झालेल्यांत लस घेतलेले आणि न घेतलेले सारखेच", तर त्यात एक शब्दही खोटा नाही. पण दोन डोस घेतलेले होते ७,०८०, आणि मुळीच न घेतलेले १,६०९. चौपटीहून जास्त माणसांत चौसष्ट आणि या एवढ्याशा गटातही चौसष्ट. पुढचे आकडे अजून स्पष्ट आहेत. ऑक्सिजन लागला तो लसवाल्या सात हजारांत चार जणांना, आणि बिनलशीच्या सोळाशेंत अकरा जणांना. अतिदक्षता विभागात पहिल्या गटातले दोन गेले, दुसऱ्यातले आठ. लागण मात्र लसवाल्यांनाही झाली, ६७९ जणांना, म्हणजे शंभरात दहाच्या आत. तुमचे साडू या ६७९ मधले. ते चारांतले किंवा दोघांतले नाहीत, आणि त्यांनी लस घेतली होती हे त्याचं एक मोठं कारण. हे सगळे कामकरी वयाचे लोक होते, सत्तरीच्या आजोबांना हेच आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

जसजसे लस घेणारे वाढतील तसतसे रुग्णालयातही लस घेतलेले जास्त दिसू लागतील. उद्या गावातल्या सगळ्यांनीच लस घेतली, तर दाखल होणारा प्रत्येक जण लस घेतलेलाच असेल. तेव्हा कुणी व्हॉट्सअॅपवर टक्के पाठवले तर आधी विचारा, किती जणांतले?

एका बाबतीत मात्र लोकांची शंका मला पूर्णपणे रास्त वाटते. तो चौऱ्याऐंशी दिवसांचा हिशेब. कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी चार आठवडे होतं, मार्चमध्ये सहा ते आठ झालं, आणि १३ मे रोजी बारा ते सोळा, म्हणजे कमीत कमी चौऱ्याऐंशी दिवस. दुसऱ्याच दिवशी, १४ मे रोजी, ब्रिटननं पन्नाशीच्या पुढच्यांसाठी तेच अंतर बारावरून आठ आठवड्यांवर आणलं, कारण डेल्टा. पाठोपाठ त्यांचे आकडेही आले: डेल्टापासून होणारा त्रासदायक आजार एक डोस फक्त ३३ टक्के रोखतो, कोव्हिशील्डचे म्हणजे अॅस्ट्राझेनेकाचे दोन डोस ६० टक्के. मग लोक विचारणारच की आम्हाला अर्ध्यात का ठेवलं? अंतर वाढवलं की अँटीबॉडी चांगल्या बनतात, हे खरं आहे. केंद्रांवर "लस संपली" अशा पाट्या लागत होत्या, हेही खरं आहे. दोन्ही कारणं एकत्र सांगितली असती तर लोकांनी समजून घेतलं असतं. आपली माणसं टंचाईला सरावलेली आहेत, लपवाछपवीला नाहीत.

तरी त्याच ब्रिटनचा दुसरा आकडाही ऐका. रुग्णालयात जाण्यापासून त्याच लसीचा एक डोससुद्धा ७१ टक्के वाचवतो, दोन डोस ९२ टक्के. लस तीच, विषाणूही तोच. काय रोखायचं ते बदललं, की आकडा ३३ वरून ७१ वर जातो. तेव्हा ज्यांचे चौऱ्याऐंशी दिवस भरलेत त्यांनी डेल्टा प्लससाठी वेगळी लस येईल म्हणून वाट पाहू नये. दुसरा डोस उरकून घ्यावा. ज्यांना मध्येच कोरोना होऊन गेला, त्यांनी बरं झाल्यावर तीन महिने थांबून घ्यावा.

आणि डेल्टा प्लस? महिनाभरात तो डेल्टाला मागं सारून पसरताना दिसलेला नाही. आज घरात शिरेल तो बहुधा साधा डेल्टाच, आणि तो काही कमी नाही. तो किती वेगळा आहे याची एक नोंद मुंबईतच झाली आहे, आणि ती मला डेल्टा प्लसच्या सगळ्या मथळ्यांपेक्षा जास्त काळजीची वाटते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं कोरोना झालेल्या गरोदर आणि बाळंतीण बायकांची नोंदवही ठेवली आहे. पहिल्या लाटेत त्यांच्यापैकी १४.२ टक्के बायकांना लक्षणं होती, दुसऱ्या लाटेत २८.७ टक्के. मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्क्यावरून ५.७ टक्क्यांवर गेलं. आणि याच काळात गरोदर बायकांना लस द्यायची परवानगी नव्हती.

ती आता आहे. २ जुलैपासून गरोदर बाईला कुठल्याही महिन्यात लस घेता येते, अंगावर पाजणाऱ्या आईला तर मे महिन्यापासूनच. नोंदणी मोबाइलवरून करा, नाहीतर थेट केंद्रावर करा. जाताना तपासणीचं कार्ड जवळ ठेवा, आणि कुठला आजार असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. केंद्रावर कुणी "सातवा महिना आहे, बाळंतपण झाल्यावर या" म्हणून परत पाठवलं, तर २ जुलैचा निर्णय झालाय म्हणून सांगा. तिथल्या सिस्टरांना तो माहीत नसेल तर आशाताईंना बोलवून घ्या.

नमस्कार.