आजोबांचं क्रोनोग्राफ पॉलिश करू नका, हात जोडतो!

नमस्कार मंडळी! दर व्हिडिओखाली तोच प्रश्न: जुन्या क्रोनोग्राफमध्ये एवढं काय आहे? म्हापशाचे एक काका तर लिहितात, "शेवटी स्टॉपवॉचच ना?" हो काका, मनगटी घड्याळातलं स्टॉपवॉचच. वरचं बटण दाबलं की मोजणी सुरू, परत दाबलं की बंद, खालचं दाबलं की काटा शून्यावर. झालं.

मग दुर्मीळ का? कारण तेव्हा कुणी विचारत नव्हतं! रोलेक्सचं डेटोना हे क्रोनोग्राफ १९६३चं. रोज चावी द्यायची, त्यात एक भडक तबकडीचा प्रकार, तो दुकानात पडून राहायचा. खप नाही म्हणून बनली कमी. तसलंच पॉल न्यूमन या नटाच्या मनगटावर होतं, पाठीवर बायकोने 'गाडी जपून चालव' अशा अर्थाची ओळ कोरून घेतलेली. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं.

आता माझं दुखणं. आजोबा बोटीवर होते, त्यांचं घड्याळ कपाटात सापडतं आणि तुम्ही पहिलं काय करता? पॉलिश! अहो, पट्टा जिथे अडकतो त्या कानांची धार बघा. वरचा भाग रेघारेघांचा, बाजू आरशासारखी, मधे सुरीसारखी कड. बफ, म्हणजे पॉलिशचं चाक, फिरला की कड गेली. गेलेलं स्टील परत येत नाही.

"पण चरे दिसतात," अशी कमेंट येणारच. दिसू देत! जाणकार गिऱ्हाईक चऱ्यांचे पैसे देतो, गोल झालेल्या कानांचे कापतो.

तबकडीचंही तेच. मडगावात माझ्यासमोर एक दुकानदार गिऱ्हाइकाला सांगत होता, "डायल नवी रंगवून देतो." मी मधे पडलो, बायको म्हणाली तुला काय करायचंय. पण तबकडीवरच्या छोट्या चकत्यांमधल्या बारीक वर्तुळरेषा हाताने तशा उमटत नाहीत, अक्षरं जाडी होतात. अजून एक खूण: खाली सहाच्या आकड्याजवळ इंग्रजी 'टी' असेल तर अंधारातली चमक ट्रिटियम या किरणोत्सारी पदार्थाची, आणि ट्रिटियम बारा वर्षांत निम्मं होतं. साठीतलं घड्याळ रात्रभर लख्ख चमकलं तर तिथे कुणीतरी हात मारलाय.

आपल्याकडे पावसात काचेखाली वाफ धरते. तेव्हा तांदळाच्या डब्यात पुरू नका, थेट घड्याळजीकडे न्या. उघडून, पुसून, तेल घालून घ्या. आणि पावतीवर लिहून घ्या: पॉलिश नाही. तोंडी सांगितलेलं विसरतात हो.