आठाचा भाव, चाराची सूट : लिमिटेड एडिशन कॅमेरे आणि त्यांचे नंबर

दृश्य : काळा लायका एम ५. बॉडीवर कोरलेला पानांचा तुरा, त्यात '५० यारे', म्हणजे जर्मनमध्ये '५० वर्षं'. कॅमेरा हळूहळू वळतो आणि एक अक्षर, त्यापुढे तीन आकडे दिसतात.

निवेदन :

लायका हा जर्मन कॅमेरा बाजारात आला १९२५ साली. त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९७५ मध्ये, कंपनीने एम ५ मॉडेलचे १७५० कॅमेरे वेगळे काढले. त्यांच्यावर नेहमीचा सिरीयल नंबर आहेच. शिवाय आणखी एक नंबर आहे. एल, ई, आय, सी, ए या पाच अक्षरांपैकी एक अक्षर आणि त्यापुढे ००१ ते ३५० मधला एक आकडा. पाच गुणिले ३५०, बरोबर १७५०.

याचा अर्थ ०८८ हा आकडा या मालिकेत पाच वेळा येतो, दर अक्षरामागे एकदा. जाहिरातीत कोणी 'जगात एकमेव ०८८' असं लिहिलं असेल, तर एक तर त्याला मालिका ठाऊक नाही किंवा समोरच्याला ती ठाऊक नसेल असं त्याने धरलंय. लिमिटेड एडिशन विकत घेताना पहिलं काम हेच: नंबर आवडण्याआधी तो कसा दिला गेलाय ते समजून घ्यायचं.

कॅमेऱ्यावर दोन प्रकारचे नंबर असू शकतात. कारखान्याचा सिरीयल नंबर लाखांत जातो. तो हॉट शूवर (फ्लॅश बसवायच्या खाचेवर), वरच्या पट्टीवर किंवा बुडाशी असतो आणि त्यावरून कॅमेरा कोणत्या साली बनला ते काढता येतं. एडिशनचा नंबर छोटा असतो, 'अमुकपैकी तमुक' अशा थाटाचा. शुभ-अशुभाचा सगळा खेळ बहुतेक या छोट्या नंबरावर चालतो.

काही वेळा कंपनी स्वतःच नंबराला अर्थ देते. एम मालिकेला चाळीस वर्षं झाली म्हणून १९९४ मध्ये लायकाने एम ६ जे काढला. एकूण १६४० नग. हा आकडा आला कुठून? १९५४ ते १९९४ ही दोन्ही टोकं धरून एक्केचाळीस वर्षं होतात आणि दर वर्षाच्या नावाने चाळीस कॅमेरे. त्यामुळे इथे आठ-नऊपेक्षा जन्मसालाला गिऱ्हाईक जास्त. ज्याचा जन्म १९६१ चा, त्याला १९६१ च्या चाळिसांपैकी एक हवा असतो. मुलाच्या किंवा लग्नाच्या सालाचाही शोध घेतला जातो. ही मागणी टिकाऊ आहे, कारण ती कोणत्याही एका देशाच्या समजुतीवर उभी नाही.

दृश्य : हाँगकाँगच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या नंबरप्लेट. मग कॅमेऱ्याच्या दुकानाची काचेची शोकेस.

निवेदन :

आठ आणि चार यांचा हिशेब मात्र पूर्व आशियातला. चिनी बोलण्यात आठ म्हटलं की भरभराट ऐकू येते आणि चार म्हटलं की मरण. जपानमध्ये चाराबरोबर नऊही टाळतात, कारण त्याच्या उच्चारात हालअपेष्टा आहेत. थायलंडमध्ये उलट नऊ हा प्रगतीचा आकडा. हाँगकाँगमध्ये २००८ साली '१८' ही गाडीची नंबरप्लेट १ कोटी ६५ लाख हाँगकाँग डॉलरला गेली. त्याच वर्षी बीजिंग ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळा सुरू झाला ८ ऑगस्टला रात्री आठ वाजता. ज्या बाजारात हे घडतं, त्याच बाजारात लिमिटेड एडिशन कॅमेऱ्यांचे मोठे संग्राहक आहेत. कंपन्यांनाही ते पक्कं माहीत आहे. निकॉनने १९९४ मध्ये टायटॅनियमच्या एफएम २/टी ची 'श्वानवर्ष' आवृत्ती काढली, फक्त ३०० नग. लायकाने १९९३ मध्ये 'कोंबड्याचं वर्ष' म्हणून एम ६ काढला.

आपल्याकडे हिशेब वेगळा. आरटीओत ०००१ साठी लाखांत पैसे मोजणारे आहेत, ७८६ च्या नोटा जपून ठेवणारे आहेत आणि आकड्यांची बेरीज नऊ यायला हवी असं मानणारे तर घरोघरी. पण ७८६ नंबर मिळायला एडिशन निदान ७८६ नगांची तरी हवी, आणि कॅमेऱ्यांच्या पुष्कळ एडिशन ५०० च्या आतल्या असतात. लायका एम ९ टायटनचे संच ५०० होते. गायक लेनी क्रॅविट्झच्या सहभागाने निघालेल्या एम-पी करस्पाँडंटचे अवघे १२५. त्यामुळे ८८८ शोधणाऱ्याच्या हाती इथे काहीच लागत नाही. त्याला ०८८, ११८ यांवर समाधान मानावं लागतं, फार तर १६८ वर.

आता चाराकडे या. ५०० नगांच्या एडिशनमध्ये चार हा अंक असलेले नंबर किती, हे मोजायला सोपं आहे. ४०० ते ४९९ हे सगळेच्या सगळे शंभर. उरलेल्या प्रत्येक शंभरात एकोणीस, असे चार वेळा, म्हणजे ७६. एकूण १७६. पाचशेतले एक तृतीयांशाहून जास्त नग पूर्व आशियातल्या शकुन पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला नकोसे असतात. ज्याला चाराचं काही वावडं नाही, त्याने भावात घासाघीस करावी ती इथे. फक्त एक लक्षात ठेवा. स्वस्त घेतलेला ४४ उद्या विकायला काढाल तेव्हा समोर पुन्हा तोच बाजार असेल. स्वतःजवळ ठेवायचा असेल तर चार उत्तम. दोन वर्षांत फिरवायचा असेल तर नको.

शुभ नंबराला ठरलेला दर नसतो. लिलावात त्या दिवशी त्या आकड्यासाठी दोन माणसं भिडली तर भाव चढतो. एकच असेल तर ०८८ आणि ०८७ शेजारी शेजारी, जवळपास सारख्याच भावाने जातात. ००१ आणि एडिशनचा शेवटचा नंबर यांना मात्र सगळीकडे मागणी असते, आणि ते बाजारात क्वचितच येतात.

मॉडेलच्या नावातल्या आकड्यांवरून शकुन काढणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं. कॅननच्या पॉवरशॉट मालिकेत जी ३ नंतर थेट जी ५ आला, हे खरं. पण जी ७ नंतर थेट जी ९ आला, म्हणजे शुभ मानलेला आठही गाळला. आणि लायका एम ४, निकॉन एफ ४, निकॉन डी ४ हे तिन्ही कॅमेरे व्यावसायिक फोटोग्राफरांनी वर्षानुवर्षं वापरले.

दृश्य : लायकाच्या गावातला, जर्मनीतल्या वेत्झलरमधला लिलाव. पडद्यावर शून्य मालिकेचा कॅमेरा, त्याच्या व्ह्यूफाइंडरवर कोरलेलं नाव.

निवेदन :

सगळ्यात मोठ्या किमतीला जे कॅमेरे गेले, त्यांचे नंबर पाहा. लायकाने १९२३ च्या सुमारास चाचणीसाठी जेमतेम वीस-पंचवीस कॅमेरे बनवले, त्यांना शून्य मालिका म्हणतात. त्यातला ११६ नंबर २०१२ मध्ये २१.६ लाख युरोला गेला. १२२ नंबर २०१८ मध्ये २४ लाखांना. आणि जून २०२२ मध्ये १०५ नंबर १ कोटी ४४ लाख युरोला. यातला एकही आकडा कोणाच्या पंचांगात शुभ म्हणून लिहिलेला नाही. १०५ ची किंमत आली ती त्याच्या मालकामुळे. तो ऑस्कर बार्नाकचा स्वतःचा कॅमेरा होता, ज्याने लायका घडवला त्याचा, आणि त्याचं नाव व्ह्यूफाइंडरवर कोरलेलं आहे.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. १०५ वर हातोडा पडला तो १ कोटी २० लाखांवर. वरचे २४ लाख हे लिलावगृहाचं खरेदीदाराकडून घेतलेलं शुल्क. बातम्यांत येणारा आकडा बहुतेक शुल्कासहितचा असतो. विकणाऱ्याच्या हाती पडणारी रक्कम हातोड्याच्या किमतीतूनही विक्रेत्याचं शुल्क वजा जाऊन येते. भारतातून बोली लावत असाल तर वर सीमाशुल्क, आयजीएसटी, विमा आणि कुरिअर धरूनच कमाल बोली ठरवा.

शून्य मालिका कोणी संग्राहकांसाठी बनवलेली नव्हती. ते कॅमेरे वापरले गेले, हरवले, मोडले आणि जे उरले ते दुर्मीळ झाले. लिमिटेड एडिशन दुर्मीळ म्हणूनच जन्माला येते, आणि घेणारा प्रत्येक जण ती जपून ठेवतो. म्हणून वीस वर्षांनीही जवळपास सगळे नग डब्यात शाबूत असतात. निकॉनने २००० साली जुना एस ३ रेंजफाइंडर (खिडकीतून अंतर जुळवून फोकस करायचा कॅमेरा) पुन्हा बनवला. ८००० नग, किंमत ४ लाख ८० हजार येन. कॅमेरा अप्रतिम आहे, पण इतके नग कपाटात नवे कोरे पडून राहिले की दुसऱ्या हाताच्या बाजारात तो मूळ किमतीखाली आला. पुढे २००५ मध्ये एसपी काढताना निकॉनने फक्त २५०० नग बनवले. एडिशन कितीची आहे याला वजन आहे, पण त्यातले किती वापरात आले आणि किती जसेच्या तसे उरले, याला त्याहून जास्त.

दृश्य : मखमली अस्तराचा लाकडी डबा उघडतो. आतल्या फोमचा भुगा कॅमेऱ्याला चिकटलेला.

निवेदन :

'डबा कधीच उघडला नाही' या वाक्यावर गिऱ्हाईक भाळतं. तिथेच सावध व्हायला हवं, कारण बंद डब्यातही कॅमेऱ्याचं वय वाढतच असतं.

जुन्या एम ६ ची वरची पट्टी जस्ताच्या मिश्रधातूची आहे. तिच्यावरच्या मुलाम्याखाली गंज धरला की बारीक फोड येतात, कडेला आणि कोरलेल्या अक्षरांच्या आसपास. हे फोड घासून जात नाहीत, पट्टीच बदलावी लागते. आणि एडिशनची खूण त्याच पट्टीवर कोरलेली असेल, तर पट्टीबरोबर एडिशनही गेली. कॅमेरा तिरपा धरून कडेच्या उजेडात पट्टीवरून नजर फिरवली की फोड लगेच कळतात. समोरून काढलेल्या फोटोत ते दिसत नाहीत, म्हणून विक्रेत्याकडे तिरप्या उजेडातला फोटो मागून घ्या.

डिजिटल एडिशनचं दुखणं वेगळं. एम ९ च्या सेन्सरवरची काच कालांतराने खराब होते. आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, काढला की बारीक ठिपके आणि भोवती वलयं दिसतात. धूळ फुंकून किंवा पुसून जाते, ही वलयं जात नाहीत. एम ९ टायटन असो वा एम ९-पी एर्मेस, आतला सेन्सर याच कुळीचा. विकत घेण्याआधी विचारा: सेन्सर बदललाय का, कधी, पावती आहे का? बॅटरी डब्यातच वर्षानुवर्षं राहिली तर फुगते. ती बॉडीत घातलेली असेल तर बाहेर निघणं कठीण होतं.

डब्यातला फोम कुजून चिकट होतो. चामड्याच्या केसमध्ये पितळी भागांवर हिरवट थर चढतो. म्हणून कॅमेरा केसमधून काढून वेगळा ठेवायचा, केस आणि डबा शेजारी. मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि लेन्सच्या आत बुरशी धरते. ड्राय कॅबिनेटमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटात) आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. ३० च्या खाली नेऊ नका, चामडं आणि वंगण दोन्ही सुकतात. कॅबिनेट नसेल तर हवाबंद प्लास्टिकचा डबा, रंग बदलणारं सिलिका जेल आणि आत आर्द्रता मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर पुरतो. जेलचा रंग बदलला की ते वाळवूनच परत ठेवायचं.

दृश्य : सोनेरी मुलाम्याचा, सरड्याच्या कातडीचा कॅमेरा.

निवेदन :

खोट्यांचा सगळ्यात मोठा बाजार सोनेरी लायकाचा आहे. खरा लायका लक्झस १९२९ ते १९३१ च्या दरम्यान बनला, साधारण ९५ नग. बाजारात फिरणारे बहुतेक सोनेरी 'लायका' हे मुळात सोव्हिएत बनावटीचे फेड किंवा झॉर्की, वर मुलामा चढवून नाव कोरलेले. ओळखण्याच्या खुणा स्पष्ट आहेत. मूळ लक्झस हा मॉडेल ए. त्याची लेन्स बॉडीलाच जडवलेली, आणि रेंजफाइंडर नाही. समोरच्या कॅमेऱ्याची लेन्स फिरवून निघत असेल आणि वर रेंजफाइंडरच्या खिडक्या असतील, तर संशय घ्यायलाच हवा. कारखान्यातच नंतर सुधारून घेतला असेल तर कागदावर त्याची नोंद हवी. लेन्स काढल्यावर आत, वरच्या बाजूला एक छोटा दांडा दिसतो, लेन्सच्या मागच्या कडेला टेकणारा. रेंजफाइंडर असलेल्या लायकात त्याच्या टोकाला गोल चाक असतं. फेड-झॉर्कीत टोक पाचरीसारखं.

शुभ नंबराच्या लोभाने नंबर बदलण्याचेही प्रकार होतात. आकडा घासून नवा कोरला की त्या जागी धातू पातळ होतो. बोटाला कळत नाही, पण लांब, सरळ प्रकाशरेषा पट्टीवर पाडली की ती नंबराजवळ वाकते. दहापट भिंगातून आकड्यांची खोली पाहा: बाकीच्या अक्षरांपेक्षा नंबर उथळ असेल किंवा आतल्या रंगाची छटा वेगळी असेल, तर थांबा. त्यानंतर जुळणी करायची. बॉडीवरचा नंबर, प्रमाणपत्रावरचा, डब्यावरच्या चिकटपट्टीवरचा आणि संचातल्या लेन्सवर असेल तर तोही. ०८८ चा डबा आणि ०८६ ची बॉडी अशी जोडी आली, तर ती सुटा कॅमेरा आणि सुटा डबा म्हणूनच मोजायची. जुन्या लायकाच्या सिरीयल नंबरावरून कारखान्याच्या नोंदींत तो कधी आणि कोणाकडे पाठवला गेला ते शोधता येतं. मोठ्या रकमेचा व्यवहार या नोंदीशिवाय करू नये.

विकताना फोटो काढाल, तर नंबराचा एक जवळून, एक डब्यासह, एक तिरप्या उजेडात आणि फिल्म कॅमेरा असेल तर मागचं दार उघडून शटरचा एक, असे काढा. सगळ्या वेगांवर शटर चालवून त्याचा आवाजासहित छोटा व्हिडिओही ठेवा. एक सेकंद आणि अर्धा सेकंद हे हळू वेग न वापरलेल्या कॅमेऱ्यात सगळ्यात आधी अडखळतात, आणि जाणता गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच विचारतो.