काचेच्या कौलाखालचा उजेड

श्रोतेहो, नमस्कार. रत्नागिरीजवळच्या ज्या घरात माझे बालपण गेले, त्याच्या माजघराला एकही खिडकी नव्हती. छपराच्या मंगलोरी कौलांत दोन काचेची कौले बसवलेली होती, आणि त्यांतून उतरणारा कवडसा सरकत सरकत जात्याच्या खुंट्यापाशी पोहोचला, की आजी चहाचे आधण ठेवत असे.

मध्यंतरी मुलीकडे लॉस एंजेलिसला गेलो असताना तिने मला ‘द ब्रोड’ या समकालीन कलेच्या संग्रहालयात नेले. ईलाय आणि ईडिथ ब्रोड या दांपत्याने उभारलेले हे संग्रहालय २०१५च्या सप्टेंबरमध्ये लोकांसाठी खुले झाले. नेहमीच्या दालनांना प्रवेशमूल्य नाही. गाडी उभी करण्याचे पैसे मात्र पडतात, आणि त्यावरून आम्हा बापलेकींत थोडी कुरकुर झाली, हेही सांगून टाकतो.

डिलर स्कोफिडिओ अँड रेन्फ्रो या वास्तुविशारद संस्थेने ही इमारत दोन कल्पनांवर रचली आहे. बाहेरून पांढऱ्या जाळीचा बुरखा आणि आत, मधोमध, कलाकृतींचे बंदिस्त कोठार. काचतंतू मिसळलेल्या काँक्रीटचे सुमारे २,५०० तुकडे जोडून केलेली ती जाळी पाहताना मला जांभ्याचा चिरा आठवला; तोही जवळून पाहिला तर असाच भोकाभोकांचा. सरकता जिना या कोठाराच्या पोटातून एका अंधाऱ्या बोगद्यासारखा वर जातो आणि तिसऱ्या मजल्यावर अचानक उजेडात सोडतो. तिथे मध्ये एकही खांब नाही. डोक्यावर ३१८ झरोके आहेत, आणि त्यांची तोंडे उत्तरेकडे वळवलेली आहेत, कारण थेट ऊन पडले तर चित्रांचे रंग विटतात.

जेफ कून्सचा आरशासारखा चकचकीत निळा कुत्रा सगळे बघतात. मला तो फारसा भावला नाही. रॉबर्ट थेरियनचे जवळजवळ दहा फूट उंचीचे लाकडी टेबल आणि त्याभोवतीच्या खुर्च्या मात्र विसरता येत नाहीत. त्याखाली उभा राहून वर पाहिले, तर टेबलाच्या पाटाची न दिसणारी बाजू दिसली, जी आपण लहानपणी जेवणघरात लपताना शेवटची पाहिलेली असते. यायोई कुसामाच्या आरशांच्या खोलीत जेमतेम मिनिटभर थांबू देतात. तेवढ्यात डोळे सरावतही नाहीत.

उतरताना जिन्यावरच्या खिडकीतून ते कोठार दिसते. तिथे चित्रे ओळीने टांगून ठेवलेली असतात, आपल्या माळ्यावरच्या सामानाहून कितीतरी नीटनेटकी.

वरचा तो उजेड मात्र दुपारभर तसाच, एकसारखा होता. कुठे कवडसा नाही, काही सरकत नाही. मुलीने घड्याळ दाखवले, तेव्हा चहाची वेळ केव्हाच टळून गेली होती.