काळी एक

(लश्कर, ग्वाल्हेर. जानेवारीतली सकाळ. चौकात सतरंजी झटकली जातेय. धूळ उन्हात तरंगते.)

दौलतगंजातल्या या वाड्यात आज पेटीवादनाची स्पर्धा आहे. वय २५ च्या आत, प्रत्येकाला १५ मिनिटं. साथ नाही, एकल वादन. म्हणजे समोर गायक नाही, आणि चूक झाली तर ती कुणाच्या आवाजाखाली झाकली जाणार नाही.

स्पर्धक ११. पेटी एक.

एकच का, ते सांगतो. पण आधी काकांचे हात बघा.

(काकांचे हात, अगदी जवळून. पेटीचं झाकण निघतं.)

सकाळचे सात वाजलेत. काका पेट्या दुरुस्त करतात, लावतात. बाड्यावरच्या, म्हणजे इथल्या मोठ्या चौकातल्या, गर्दीत त्यांचं दुकान विचाराल तर कुणी सांगू शकणार नाही, कारण दुकानच नाही. घरोघरी जातात. पेटीला ४२ पट्ट्या. खाली रीडच्या दोन ओळी, खर्ज (खालच्या, जाड सुरांची) आणि नर (त्याहून वरच्या सुरांची). ४२ दुणे ८४ पितळी जिभा, प्रत्येक आपापल्या खाचेत. हवा गेली की जीभ थरथरते आणि सूर बोलतो.

काका जिभेखाली पातळ पातं सरकवतात. टोकाला कानस फिरवली की सूर चढतो. मुळाशी फिरवली की उतरतो. युक्ती एवढीच. किती फिरवायची, ते मात्र कागदावर लिहून देता येत नाही. एक घासणी जास्त झाली, तर दुसऱ्या बाजूने घासून परत यायचं. असं दोन-चारदा झालं की जीभ पातळ होते आणि एके दिवशी तुटते.

(कानशीचा आवाज. हेडफोन असतील तर लावा.)

मागे तानपुरा चालू आहे. वाड्यातल्या आजी छेडताहेत. मोबाइलवरचा तानपुरा काकांना चालत नाही.

आता गांधाराची, म्हणजे सा रे ग मधल्या ग ची गोष्ट. बाजारातून येणाऱ्या पेटीत सप्तकाचे १२ सारखे तुकडे केलेले असतात. त्यातला शुद्ध गांधार तानपुऱ्यातून आपसूक उमटणाऱ्या गांधारापेक्षा चढा लागतो, साधारण १४ सेंटनी. सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं, म्हणजे जवळजवळ सातवा हिस्सा. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण खटकतं. काका तो गांधार उतरवून तानपुऱ्यात मिसळवतात.

(काका पट्टी दाबून धरतात. डोळे मिटलेले. आजींची बोटं थांबत नाहीत.)

याची किंमत आहे. अशी पेटी ज्या सा साठी लावली, त्याच सा ला सुरात. ही काळी एकला लावलीय, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी हा सा. दुसरीकडे सा धरलात तर ती भांडायला उठते. म्हणून आज अकराही जणांना काळी एकच.

युरोपात पाइप ऑर्गनच्या स्पर्धा होतात. इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सची १९६३ पासून चालत आलीय. तिथे वाद्य इमारतीतच बसवलेलं, ते कोण उचलून आणणार? वादकालाच त्याच्यापाशी जावं लागतं, त्याचा स्वभाव ओळखावा लागतो. आमची पेटी काखोटीला मारून नेता येते, म्हणून आम्ही तिला स्वभाव आहे हेच विसरलो. हे माझं मत. काका यावर काही बोलले नाहीत.

(जुन्या लश्करच्या गल्ल्या. लाकडी सज्जे.)

हार्मोनियमचं पेटंट १८४२ चं, पॅरिसच्या अलेक्झांडर दबेंचं. कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी पाय काढून टाकले, भाता मागे घेतला आणि वाद्य बैठकीत आणलं. आणि ग्वाल्हेरमध्ये ते भैया गणपतरावांच्या हाती आलं. शिंद्यांच्या घरातला हा माणूस पेटीवर ठुमरी वाजवायचा. मौजुद्दीन खाँ आणि गौहर जान हे गायक त्यांच्याकडे शिकले. तरीही १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक फरक) लागत नाहीत, हे आक्षेप होते. खोटे नव्हते. पण या काकांना एकदा गांधार लावताना बघायला हवं होतं कुणीतरी.

(दुपार. दिवाणखाना भरलाय. मुलं शेगडीवर हात शेकताहेत.)

सतरा वर्षांची ही मुलगी घरी आईच्या गाण्याला साथ करते. आईचा सा काळी पाच. काळी पाचमध्ये यमन राग वाजवला तर सा तेवढा काळ्या पट्टीवर, बाकी सहाही स्वर पांढऱ्या. काळी एकमध्ये सा, रे, प, ध चारही काळ्या. घर सोडून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटण्यासारखं आहे हे. गेले दहा दिवस ती हेच करतेय.

“काका, अंगठा कुठे ठेवू तेच कळत नाही.”

“अंगठ्याचं नको बघूस, बेटा. गांधारावर जरा थांब. तो तयार ठेवलाय तुझ्यासाठी.”

(ती वाजवते. आलाप, मग मध्यलय. इथे निवेदन नाही. गांधारावर कॅमेरा काकांकडे, मग परत तिच्या हातांकडे. दीड मिनिट.)

संध्याकाळी निकाल लागला. पहिला उज्जैनचा मुलगा, हिला तिसरा क्रमांक. बक्षीस समारंभाच्या वेळी आमची बॅटरी संपली होती. पुढच्या वर्षी स्पर्धा होईल की नाही, ते काकांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनवर आहे.

(रात्र. चौकात एकच दिवा. सतरंजी गुंडाळलेली.)

पेटी पुन्हा उघडलीय. दिवसभरात खर्जातल्या एका जिभेचा सूर उतरला. काकांनी कानस त्या मुलीच्या हातात दिली आहे. ती टोकाला घासते, पट्टी दाबते. सूर फारच चढला. ती घाबरून काकांकडे बघते.

“आता मुळाशी,” काका म्हणतात. “हळू.”