कऱ्हेच्या काठाने, सायकलवरून

नमस्कार श्रोतेहो.

दसरा ते दिवाळी या दिवसांत पुण्यातले सायकलवाले एकदम बाहेर पडतात. कुणी ताम्हिणीला जातं, कुणी लोणावळ्याला. हिरवंगार बघायचं असेल तर जरूर तिकडे जा. मी आज सांगणार आहे उलट्या दिशेचा रस्ता. हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी आणि पुढे मोरगाव. आठ-दहा जणांच्या गटाने दोन दिवसांत आरामात करावा असा.

या रस्त्यावर बघायचं काय, तर पाऊस. तोही पडून गेलेला. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून दीडशे किलोमीटरच्या आत, बारामतीकडे, पाचशेच्या आसपास. शाळेच्या भूगोलात आपण त्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून मोकळे झालो. मोटारीतून हा फरक कळत नाही, काच वर असते. सायकलवर मात्र दर तासाला बांधावरचं गवत बदललेलं दिसतं.

दिवे घाट पहाटेच चढून घ्या. माउलींची पालखी चढते तोच हा घाट. पालखी महामार्गाचं रुंदीकरण निघाल्यापासून धूळ आणि ट्रक दोन्ही आहेत, त्यामुळे एकामागे एक चालवायचं, गप्पा वर गेल्यावर. खाली मस्तानी तलाव दिसतो. वर पोचलं की पठार लागतं आणि पुढे सासवडची शेती सुरू होते. दसऱ्याच्या आधी इथे झेंडू फुललेला असतो, दसऱ्यानंतर तोडून उरलेला. वाटाण्याचा हंगाम सरत आलेला असतो. आणि सीताफळं! रस्त्याच्या कडेला पाट्या लावून बायका बसलेल्या असतात. भाव विचारलात तर आधी त्याच विचारतात, "आज खायचंय का उद्याला?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे. फळाचे डोळे उघडून मधल्या रेघा पिवळसर झाल्या की ते उतरवतात, मग एका-दोन दिवसांत ते मऊ पडतं. आजचं फळ पिशवीत टाकून जेजुरीपर्यंत नेलंत, तर पिशवी धुवावी लागेल. तेव्हा मावशींसमोरच बसून खावं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक आहेच, पण त्याचा गोड बहर उन्हाळ्यातला. ऑक्टोबरात मान सीताफळाचाच.

सासवडपासून कऱ्हा नदी तुमच्या सोबतीला येते. गराड्याच्या बाजूच्या डोंगरांत उगम, मग सासवड, जेजुरीच्या जवळून मोरगाव आणि शेवटी सोनगावला नीरेत. नदी पाणी घेऊन पूर्वेला जाते आणि पाऊस तसतसा मागे राहतो. जेजुरी ओलांडली की फळबागा विरळ होतात. बाजरीची कणसं खुडून झालेली, नुसतं सरमाड उभं. कुठे रस्त्याच्याच एका कडेला धान्य वाळत घातलेलं. तिथे उतरून सायकल हातात धरून चालावं, कुणाच्या वर्षभराच्या भाकरीवरून चाक नेऊ नये. शेजारच्या रानात ज्वारीची पेरणी चाललेली असते. हस्ताचा पाऊस नीट झाला असेल तर गप्पा मारायला माणसं थांबतात. झाला नसेल तर "कुठनं आलात" एवढं विचारून पाभरीकडे वळतात.

मध्येच एखादा पट्टा अचानक हिरवागार लागतो. नदीही जवळ नाही, मग हे कसं? तर पुरंदर उपसा योजना. पुण्याच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेचं पाणी उचलून इकडच्या डोंगरांवर चढवलेलं आहे. म्हणजे आपण पुणेकर सकाळी जे पाणी वापरून नदीत सोडतो, त्यावर इथली शेतं उभी आहेत. हे कळल्यावर आमच्या गटात बराच वेळ कुणी विनोद केला नाही. पुढे बारामती तालुक्यातही तेच. नीरेच्या डाव्या कालव्याखाली दाट ऊस आणि मोरगाव-सुप्याकडचा जिरायती भाग पाण्यासाठी आभाळाकडे बघणारा. तालुका एकच.

आता थोडं गटाबद्दल. पावसाळ्यात पाठीशी असणारा पश्चिमेचा वारा या दिवसांत फिरलेला असतो, पूर्वेला जाताना तो तोंडावर येतो. म्हणून पुढे राहण्याची पाळी दर दहा मिनिटांनी बदला, मागच्यांचे श्रम वाचतात. सर्वांत मागे अनुभवी माणूस हवा, पंप आणि पंक्चरचं सामान त्याच्याकडे. वेड्या बाभळीचा काटा कोणत्याही टायरला जुमानत नाही. सरासरी वेग मोजणाऱ्यांना मी गटात घेत नाही, ते सीताफळाला थांबत नाहीत.

मुक्काम मोरगावला करा. मयूरेश्वराचं दर्शन संध्याकाळी घ्या आणि सकाळी सुप्याकडे वळा. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा दिसतात. गवत सोनेरी झालेलं असतं आणि थंडीसाठी उत्तरेकडून आलेले भोवत्या पक्षी त्यावरून खालून-खालून उडत उंदीर-टोळ हेरत असतात. गवतात शिरू नका. तिथल्या प्राण्यांना त्रास आणि तुमच्या मोज्यांत कुसळं. ती धुऊनही निघत नाहीत.

एक सूचना. दसऱ्याच्या दिवशी आणि रात्री जेजुरी टाळा, पालख्यांची गर्दी असते. दुसऱ्या दिवशी सुमारे ४२ किलोचा खंडा, म्हणजे खंडोबाची तलवार, उचलण्याची स्पर्धा असते, ती बघायची तर सायकली गावाबाहेर ओळखीच्या अंगणात लावून चालत जा. आणि दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले, की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या हाच रस्ता घेतात. अंधारात त्यांच्या मागे दिवा असेलच असं नाही. तेव्हा निघायचं तर पुढच्या पंधरवड्यातच निघा, आणि सुट्टे पैसे जवळ ठेवा. पाटीवाल्या मावशींकडे पाचशेची नोट सुटत नाही.

नमस्कार.